मनिलाचं गाणं आणि आमची स्वदेशी

गेल्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, कोर्लईच्या एका भाजीवालीवर आणि तिच्या म्हाताऱ्या आईवर अन्याय झाला. दुसऱ्या कुणी नाही, मी केला.

ही मावशी रोज होडीनं खाडी ओलांडून रेवदंड्याच्या बाजारात येते. कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या. बाजारात त्यावरून टोमणे ठरलेले.

"काय गं मावशी, दुधीशीपण फिरंगीतच बोलतेस?"

"व्हय. तुज्यापरास त्याला जास्त कळतं."

बाजारातल्या आमच्या वाचनालयात बॅटरीवरचा रेडिओ आला. एका संध्याकाळी चावी फिरवताना मनिलाचं स्टेशन लागलं. आगबोटीवर उमर घालवलेला एक कोळीबाबा ओट्यावर होता. तो म्हणाला, तिथल्या दुकानदारांनी माल खपावा म्हणून हे काढलंय, गाणी स्पॅनिश, म्हणजे पोर्तुगीजची सख्खी बहीण. मावशी टोपली घेऊन जाता जाता थांबली.

"ह्यातलं निम्मं मला समजतं," ती म्हणाली. "घर सुटलंय गाणाऱ्याचं. दर्याला वाट इचारतोय."

आम्ही हसलो. ती हसली नाही. मग दर शनिवारी त्या वेळेला ती ओट्याच्या पायरीवर बसू लागली. कोळीबाबा तिच्यासाठी स्टेशन लावून देई. एकदा म्हणाली, "आयला आणायची हाय. आपली बोली तुटकी, असं जनमभर ऐकत आली ती. तिला एकदा ऐकू दे."

नारळी पौर्णिमेला आमची सभा झाली. परदेशी कापड जाळलं, मग परदेशी गाणं कशाला? वाचनालयात परदेशी गाणं बंद, असा ठराव मी मांडला. पत्रक मी लिहिलं. टाळ्या पडल्या. रेडिओ विलायती, बॅटरी विलायती, ते मात्र कुणाला खुपलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मावशी आईला हाताला धरून होडीतून घेऊन आली. म्हातारी पायरीवर टेकली. गाणं सुरू झालं, तिनं मान वर केली, आणि मी उठून चावी फिरवली.

म्हातारीनं लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" कोळीबाबानं विचारलं.

"इचारते, गाणारा मेला का?" मग माझ्याकडे वळून मावशी म्हणाली, "बाबा, आमचा भोपळा स्वदेशी, नि जीभ परदेशी व्हय?"

मी पत्रकं लिहितो. भिंतीवर लावलेल्या माझ्याच पत्रकाकडे मी बोट दाखवलं. दोघी होडीकडे गेल्या. म्हातारीनं आता अंथरूण धरलंय. ती पुन्हा खाडी ओलांडणार नाही.

तेव्हा वाचनालयाच्या सभासदांनो, येत्या रविवारच्या सभेला या आणि माझ्या ठरावाविरुद्ध हात वर करा. आणि पुढच्या शनिवारी दुपारीच धक्क्यावर या. रेडिओ कोर्लईला न्यायचा आहे. बॅटरी जड आहे, एरियलची तार बांधायला उंच बांबू लागेल. तो घेऊन या.