बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेला हात

आमचं कापडाचं दुकान घाटनांदूरला, घराच्याच पुढच्या खोलीत. लग्नसराईत बायका खास माझ्यासाठी म्हणून यायच्या. हे मी सांगते तेव्हा घरातले हसतात, पण खरं आहे ते. नवरा साडी घडीतली घडीत दाखवायचा. मी उलगडायची, उजवा हात वर करून खांद्यावरून टाकायची, आणि नुसतं बघायला आलेली बाईही घेऊन जायची. माझ्या स्वयंपाकात सासूबाईंना रोज काहीतरी खटकायचं. दुकानाच्या गादीवरून मात्र मला कुणी उठवू शकत नव्हतं.

एका दुपारी वरच्या फळीवरून आहेराच्या साड्यांचा गठ्ठा काढताना पायाखालचं स्टूल कलंडलं. खांद्याच्या जरा खाली, दंडाचं हाड मोडलं.

अंबाजोगाईचे हाडाचे डॉक्टर समजूतदार होते. एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "हाड फार सरकलेलं नाही. ऑपरेशन करून प्लेट टाकता येईल, नाही टाकली तरी जुळेल. वर्षभरानंतर बघितलं तर दोन्हींत फारसा फरक राहत नाही. पण दोन आठवड्यांनी हात हलवायचाच. प्लेट टाकली तरी ते चुकत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमचं काय म्हणणं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तिचा हात हाय, तिलाच इचारा." लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी काही ठरवायला सांगत होतं. मी म्हणाले, ऑपरेशन नको.

हात गळ्यात बांधून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. आमच्याकडे माणूस पडलं की बघायला जावंच लागतं, नाहीतर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. प्रत्येकीच्या हातात बिस्किटाचा पुडा. प्रत्येकीचा पहिला प्रश्न, प्लास्टर कावून न्हाई? ऑपरेशन कावून न्हाई? सुनेचा हात मोडला आणि यांनी नुसती पट्टी बांधून ठेवली, असा अर्थ गावाने काढला. तो सासूबाईंच्या फार जिव्हारी लागला.

दोन आठवडे झाले. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मी मागच्या अंगणात वाकून, हात लोंबता सोडून गोल फिरवत होते. दुखत होतं, पण फिरत होता. तेवढ्यात नात्यातली एक बाई थेट आत आली. उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "हात तर हालतोय की. आमाला वाटलं लई मोडलाय."

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लोकं येतेत तवा तरी बांधून बस. आमाला खोटं पाडतीस का?"

"आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर येतोय का गावाला तोंड द्यायला?"

लोक यायचे ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, कधीही. दार उघडंच. म्हणून हात दिवसभर बांधलेला. रात्री करू म्हणायचे, तर दिवसभराचा ताठलेला खांदा हलवणं जिवावर यायचं. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, हे लिहितानाही माझाच मला राग येतो. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नव्हतं. इतके लाड माझे माहेरीही झाले नव्हते.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला. हाड छान जुळलं होतं. खांदा आखडला होता. "हलवला नाही?" त्यांनी विचारलं. नवरा अभिमानाने म्हणाला, "हलवूच दिला न्हाई, साहेब. पुरा आराम." डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, "प्लेट टाकली असती तर बरं झालं असतं. तूच नगं म्हणलीस." पुढे सगळ्यांनी तेच धरलं. त्या घरात मी एकच गोष्ट ठरवली होती, आणि खापर तिच्यावरच फुटलं. आता गादीवर धाकटी जाऊ बसते. चांगलं जमतं तिला. मी मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालते.

गेल्या वर्षी दोन गल्ल्या सोडून एका घरची सून न्हाणीघरात घसरली. तोच दंड, जवळपास तीच जागा. तिची सासू आमच्याकडे सल्ल्याला आली. सासूबाईंनी मला मागून हाक मारून बोलावलं. "वर करून दाखव गं." मी हात उचलला, जातो तिथपर्यंत नेला. "बघा," त्या म्हणाल्या, "आपरेशन न्हाई केलं की असं होतंय." मी म्हणाले, "हाडाचं काही नाही हो, हात हलवला नाही म्हणून..." पण दोघी उठल्या होत्या. त्या सुनेला प्लेट टाकली.

तीन आठवड्यांनी मी तिला बघायला गेले. जायलाच लागतं. दार उघडंच होतं. आत ती पोर भिंतीला धरून वाकली होती आणि मोडका हात हळूहळू फिरवत होती. दात आवळलेले, कपाळावर घाम. मला इतकं बरं वाटलं की मी उंबऱ्यातच थांबले. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि घाईघाईने हात पट्टीत घालून कॉटवर जाऊन बसली.

"अगं, कर ना," मी म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "तुमी बसा."

तिची सासू चहा घेऊन आली. सुनेकडे बघून म्हणाली, "काडीला हात लावू देत न्हाई मी तिला." मी चहा घेतला. बिस्किटाचा पुडा कॉटवर ठेवला, हाताला जप म्हणाले आणि घरी आले.