शैलजा मॅडमचा तुटलेला दात

शैलजा मॅडम गेल्या, आणि सकाळपासून मला कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढावासा वाटतोय.

रडणं मला जमत नाही. राग जमतो.

मॅडमच्या बिबवेवाडीच्या डेंटल क्लिनिकमध्ये मी असिस्टंट डॉक्टर होतो. आयटीवाल्यांमुळे जमिनींना सोन्याचा भाव आला होता, आणि जमिनी विकणाऱ्यांना मस्ती.

त्यातलाच एक दादा एके दुपारी सुजलेला गाल धरून आला. सोबत त्याची पोरं.

दाढ काढायचे दोन्ही सेट ऑटोक्लेव्हमध्ये होते, म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये. सायकल अर्ध्यावर असताना लाइट गेली. परत आल्यावर मॅडमनी सायकल पहिल्यापासून लावली.

दादाचं डोकं फिरलं. अर्धं झालंय ना, मग काढा बाहेर, म्हणे.

"अर्धं निर्जंतुक असं काही नसतं," मॅडम म्हणाल्या. माहेर नारायण पेठेतलं, आवाज चढवायची गरजच पडायची नाही.

आता खरं सांगतो.

त्यातला एक सेट आधीच्या पेशंटला वापरलेला होता. त्याला एचआयव्ही होता. सगळीकडून हाकलल्यावर त्याने मॅडमना विश्वासाने सांगितलं होतं. तो अजून बाहेर बाकावरच बसला होता, कापूस चावत.

एवढं एक वाक्य बोलल्या असत्या, तर दादाने मशीनकडे बघितलंही नसतं.

मॅडम बोलल्या नाहीत.

दादाने एक्स-रेचा नवाकोरा कॉम्प्युटर लाथेने पाडला. पोरांनी काचा फोडल्या, कपाट आडवं केलं. मॅडम मशीनला पाठ लावून उभ्या.

मग त्याने स्टूल उचलून फेकलं. सरळ तोंडावर.

पुढचा दात तुटला. ओठ फाटला. कोट रक्ताने भिजला.

मी स्टीलचा ट्रे घेतला आणि दादाच्या त्याच सुजलेल्या गालावर हाणला. जीव खाऊन. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

पोरं पळाली. शेजारच्या दुकानदारांनी दार अडवून पोलिसांना फोन केला.

तेवढ्यात सायकल संपली.

मॅडमनी ओठावर गॉज दाबला, नवा मास्क, नवे ग्लव्ह्ज चढवले. मी म्हटलं, मरू दे ना साल्याला. त्यांनी ऐकलं नाही. निर्जंतुक हत्यारांचा बंद पाऊच त्याच्यासमोर फाडला आणि दाढ काढली.

"उद्यापर्यंत गुळण्या करायच्या नाहीत," त्याला म्हणाल्या. "चौकीतही."

संध्याकाळी त्यांच्या ओठाला टाके घालताना मी भडकलोच. खरं सांगून टाकलं असतं तर त्याने तुम्हाला हात तरी लावला असता का?

त्यांनी टाके पुरे होऊ दिले.

"मला नसता लावला. पण बाकावरच्याला जिवंत सोडलं असतं का?"

तो पेशंटही आता हयात नाही, म्हणून लिहितोय. पुढे कितीतरी वर्षं तो मॅडमकडे येत राहिला. तो दात कुणापायी तुटला, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मॅडम, माझा शेवटचा नमस्कार.