मंदाकिनीबाई वाचून दाखवतात

मंदाकिनीबाईंना हल्ली सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची सवय लागली आहे. विजेचं बिल, औषधाच्या पाकिटावरची तारीख, सोसायटीची नोटीस. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरात आलेला कुठलाही कागद वाचल्याशिवाय कुणाच्या हाती जात नाही. कामाला येणाऱ्या कांताबाईंना त्यांच्याच नातीचं प्रगतिपुस्तक दोनदा ऐकवलं.

"आई, एम.ए. झालेय मी. टाकी धुणार आहेत, एवढं कळतं मला," सून सुरुची म्हणते.

"कळत असेल. तरी ऐक."

पूर्वी त्या अशा नव्हत्या. शहराच्या पूर्वेकडच्या, महापालिकेच्या एका आरोग्य कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. वळणदार अक्षर आणि मोजकं बोलणं, यासाठी त्यांचं नाव होतं. साहेब तोंडी सांगायचे, त्या अर्जाच्या पाठीवर शेरा लिहायच्या, साहेब सही करायचे, गोल शिक्का बसायचा आणि कागद खिडकीतून बाहेर.

मुक्ताई त्या खिडकीशी आली ती दिवाळीनंतर. कातकरी, रायगडकडची, दर वर्षी वीटभट्टीवर येणारी. कडेवर पाच वर्षांची सोनू. ओठ निळसर, खाली सोडली की चार पावलांत दम लागून उकिडवी बसायची. भट्टीवर तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी हृदयाला भोक असल्याचं लिहून दिलं होतं. ऑपरेशन फुकट होणार होतं. मूल ज्या हद्दीत राहतं तिथल्या कार्यालयाचं पत्र तेवढं हवं होतं.

भट्टीचं गाव आधी शहराच्या हद्दीत आलं होतं, मग हद्दीतून निघालं होतं. साहेबांनी अर्ज तिथल्या नव्या नगरपरिषदेकडे पाठवला. तिथे आरोग्य विभागाला खोली होती, माणूस नव्हता. त्यांनी जिल्ह्याकडे धाडलं. जिल्हा म्हणाला, मूळ गावाहून आणा. मूळ गावच्यांनी लिहिलं, तपासणी पुण्यात झाली, पुण्यानंच पाहावं. आदिवासी विकासवाल्यांनी कळवलं, विषय आरोग्याचा आहे. प्रत्येक ठिकाणी मुक्ताई पोरीला घेऊन स्वतः गेली, भट्टीवरची मजुरी बुडवून.

फेब्रुवारीत कागद फिरून त्याच खिडकीशी आला. मंदाकिनीबाईंनी नेहमीच्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'सदर बालिका या कार्यालयाच्या कार्यक्षेत्राबाहेरील असल्याने अर्ज मूळ कागदपत्रांसह परत.'

"लिवलं का, बाई?"

"लिहिलं."

"शिक्का बी?"

"दिसत नाही का? चला, पुढचे."

मुक्ताईनं कागद कपाळाला लावला. शिक्का बसला की दवाखान्यातून फोन येतो, असं तिला भट्टीवर कुणीतरी सांगितलं होतं. हे मंदाकिनीबाईंना ठाऊक नव्हतं. पण कागद कपाळाला लावलेला त्यांनी पाहिला होता. नाकारलेला अर्ज कुणी कपाळाला लावत नाही, हेही त्यांना त्या क्षणी कळलं होतं. डबा खायची वेळ झाली होती.

मे महिन्यात, त्यांच्या निवृत्तीला चार दिवस असताना, मुक्ताई एकटीच आली.

"फोन आला नाय, बाई. वाट बघून बघून गेली पोर." तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. "आमाला आता काय कामाचा? दुसऱ्या कुणाच्या पोराला लावा. शिक्का हाय त्याच्यावर."

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद घेतला.

तो कागद त्यांच्या साड्यांच्या कपाटात आहे. दुपारी भांडी लावताना स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कुणी उकिडवं बसल्यासारखं वाटतं. त्या हातातलं भांडं ठेवून वाकून बघतात. घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

"काय बघताय?" सुरुची विचारते.

"काही नाही. कबुतरं."

गेल्या वर्षी त्या भट्टीवर जाऊन आल्या, तर मुक्ताईची टोळी आलेली नव्हती. यंदा डिसेंबरात पुन्हा हडपसरची बस धरली, पुढे रिक्षा. मुक्ताई चिखल मळत होती. बाईंना बघून तिचा चेहरा खुलला.

"तुमी? हितं? लागला का तो कागद कुणाला?"

मंदाकिनीबाईंनी पर्समधून कागद काढला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. एकेक शेरा, तारखेसकट. प्रत्येकाचा अर्थ साध्या भाषेत सांगितला. शेवटी स्वतःचा वाचला. त्यातला 'परत' हा शब्द दोनदा वाचला.

मुक्ताई चिखलात उभी होती. "म्हंजी फोन येनारच नव्हता?"

"नव्हता."

"हे त्याच दिशी लिवलं व्हतं?"

"हो."

"मंग तवा का नाय वाचलं?"

मुक्ताईनं हात धुतले, लुगड्याला पुसले, कागद मागून घेतला. वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला सोनूचा फोटो नखानं हळूहळू सोडवला. तो पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

मग कागद पुढे केला.

"ह्यो तुमचा," म्हणाली आणि चिखलात उतरली.