तुमची कमांड, सविताताईची काळी स्क्रीन

ग्रुपवरच्या लिनक्सवाल्यांनो, आज डोकं फिरलंय माझं.

मानखुर्दला आमच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत जुने कॉम्प्युटर आहेत. तिथे सविताताई वस्तीतल्या बायकांना टायपिंग शिकवते. एका मॉनिटरवर अक्षरं ताणलेली दिसतायत, काय करू, असं तिने काल इथे विचारलं.

आपल्यातल्या एका शहाण्याने स्वतःच्या लॅपटॉपवरची, स्क्रीनची मांडणी ठरवणाऱ्या एक्सरँडआर कमांडची ओळ उचलून दिली. "स्टार्टअपमध्ये टाका, झकास होईल."

त्याच्या लॅपटॉपचा बाहेरचा मॉनिटर जोडायचा व्हीजीए पोर्ट रिकामा असतो, म्हणून त्याच्या ओळीत तो बंद केलेला. ताईच्या त्या कॉम्प्युटरचा एकुलता एक मॉनिटर त्याच पोर्टवर! लॉगिन केलं की स्क्रीन काळी. रिस्टार्ट केलं, पुन्हा काळी. तिने तसं कळवलं, तर उत्तर काय? "आधी मॅन्युअल वाचा ना." वर हसणारे इमोजी.

अरे, "ताई, तुमचा मॉनिटर कुठे जोडलाय?" एवढं तरी विचारलं का रे कुणी?

आज दुपारी मी गेलो. नुसती अक्षरं दिसणाऱ्या टेक्स्ट मोडमधून ती ओळ काढली, रिस्टार्ट मारला, स्क्रीन आली. म्हटलं, "ताई, बस आता, लॉगिन कर."

ती खुर्चीमागेच उभी राहिली. "नको रे, तूच कर. परत माझ्या हातून वाट लागायची."

हे ऐकून बाजूच्या कॉम्प्युटरवरच्या बायकांनीही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

स्क्रीन आणायला मला एक ओळ खोडावी लागली. ते हात परत कीबोर्डवर कसे आणायचे, हे आता तुम्ही सांगा. आहे का मॅन्युअलमध्ये?