साडूंनी मला पूरग्रस्त केलं

हातात आलेला सौदा डोळ्यांदेखत कसा घालवावा हे कुणाला शिकायचं असेल, तर आमच्या थोरल्या साडूंसारखा गुरू अख्ख्या हैदराबादेत सापडणार नाही. मी बेगमबाजारातला ताडपत्री आणि दोरखंडांचा व्यापारी. नामपल्ली स्टेशनवर उतरलो तेव्हा अंगावरचा सदरा सोडला तर माझ्याजवळ फक्त आवाज होता, आणि त्या आवाजावर मी दुकान उभं केलं. कुणाचं फुकट घेतलं नाही आणि सांगितलेला भाव देवळाबाहेरच्या नारळवाल्यालाही कधी दिला नाही. अशा माणसाचा फोटो आज कॅनडापासून न्यूझीलंडपर्यंत 'बिचारा पूरग्रस्त' म्हणून हळहळत पाहिला गेला आहे. ही करामत साडूंची. त्यांच्याशी मी अजून पूर्णपणे बोलत नाही, म्हणजे चहा घेतो, पण दुसरा कप मागत नाही.

साडू विद्यानगरात राहतात. जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि माझी बायको तेवढी 'दाजी' म्हणते. बारीक अंगकाठी, खांद्याला शबनम पिशवी आणि बाराही महिने छत्री. ऊन असलं तर उघडतात, पाऊस आला तर भिजेल म्हणून मिटतात. पण हे सगळं मी सोसलं असतं. न सोसण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचा बाजार. नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात मी एकदा पेरूवालीशी अशी झुंज दिली होती की शेजारचे गाडेवाले धंदा सोडून बघायला आले. दोनदा निघून गेलो, दोनदा तिने हाक मारली, शेवटी तिने कपाळावर हात मारून माझा भाव मान्य केला. तेवढ्यात साडू पुढे झाले आणि विचारलं, "अम्मा, परवडतंय ना तुला? नंतर वाईट वाटत असेल तर आत्ताच सांग." झालं! त्या बाईला एकदम नवऱ्याचं दुखणं, भाड्याची खोली, पेरूंचा कमी आलेला बहर, सगळं आठवलं. भाव होता तिथून वर गेला, आणि माझं काहीतरी पडलेलं उचलून दिल्यासारखा चेहरा करून साडूंनी तो देऊनही टाकला. वाटेत मी म्हणालो, "मास्तर, भाव उतरवायचा असतो." ते म्हणाले, "हो, पण ती बिचारी एकटीच होती आणि तुम्ही फार जोरात होता."

नोकरी संपल्यावर माणसं देवाला लागतात, साडू क्रिप्टोला, म्हणजे त्या इंटरनेटवरच्या नाण्यांना लागले. त्यात त्यांनी पैसे घातले नाहीत, घालायला नव्हतेच. त्यांना फक्त ते समजावून सांगायचं असायचं. इस्त्रीवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, आणि सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला पिंडांपुढे बसलेल्या गुरुजींना सांगितलं. "असं समजा गुरुजी, गावातला प्रत्येक व्यवहार गावातल्या प्रत्येकाने पाठ केलाय. मग कुणाला नाकारता येईल?" मी म्हणालो, "आमच्या बाजारात येतं." गुरुजींनी दर्भ खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "म्हणजे हे हातात धरता येत नाही?" "नाही." "मग दक्षिणेत ते नको."

मीही गुरुजींच्याच पक्षाचा होतो. पण त्या वर्षी गोदावरीकडच्या डोंगराळ भागात पावसाने कहर केला. एका गावात ओढा घरांतून फिरला आणि त्याच गावाची वरची वाडी होती, तिच्यावर टेकडीचा कडा खचून आला. माणसं वाचली, घरं गेली. भूगोलाच्या मास्तरचे विद्यार्थी साऱ्या जगाच्या नकाशावर सांडलेले. त्यांनी आणि त्यांच्या तिकडच्या मित्रांनी क्रिप्टोत वर्गणी काढली. ती एका नोंदणीकृत संस्थेकडे यायची, तिथे तिचे रुपये व्हायचे, आणि खर्च कसा करायचा ते साडूंनी बघायचं. त्यातून सरकार आधीच कर कापून घेतं हे ऐकल्यावर मात्र हा पैसा खरा असावा अशी माझी खात्री पटली. वर्गणी दोन हप्त्यांत येणार होती. पहिला खालच्या गावासाठी. वाटप झाल्याचे फोटो तिकडे दिसले, की दुसरा वरच्या वाडीच्या छपरांसाठी.

खरेदी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. मी अट घातली, "मास्तर, दुकानात तुम्ही तोंड उघडायचं नाही." ते कबूल झाले, पण खुणा करायला लागले. मी पत्रेवाल्याला घाम फोडत होतो आणि हे त्याच्या मागे उभे राहून मला हाताने 'पुरे, पुरे' करत होते. तरी मी वाडीच्या पत्र्यांचा भाव असा पाडला की तो पत्रेवाला नंतर महिनाभर माझ्या दुकानावरून जाताना थुंकायचा.

एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! गावात फोन लावून त्यांनी घराघराला विचारलं, तुम्हाला काय हवं? लोक तांदूळ म्हणाले, चादरी म्हणाले, एकाने चष्मा सांगितला, आणि एका म्हातारीने दगडी खल सांगितला, चटणी वाटायचा, पोटाशी धरून दोघांनी उचलावा एवढा. तिचा वाहून गेला होता. मी टेम्पोपुढे आडवा उभा राहिलो. "अहो, डोंगर कोसळलाय तिथे! दगडाला काय तोटा? आणि आपण इथून भाडं भरून दगड न्यायचा?"

"शेठ," साडू शांतपणे म्हणाले, "तो दगड घर मोडायला आला होता. हा चटणी वाटायला चाललाय."

खल टेम्पोत चढला.

प्रवासाचं काय सांगू? चढ लागला की साडू टेम्पोतून उतरत आणि छत्री घेऊन मागून चालत. गाडीवर भार नको म्हणून. ड्रायव्हर बिचारा वैतागला. "सेठ, मास्टरसाब फिर उतर गये! दो मन का पत्थर चढाये, अब खुद का वजन बचा रहे!" मी आत बसून राहिलो, पण चिखलातून धापा टाकत येणारा तो म्हातारा आरशात दिसत राहिला आणि शेवटच्या चढाला मलाही उतरावं लागलं. उतरलो तो सरळ पाठीवर. उठलो तेव्हा धोतर, सदरा, कान, सगळं एका रंगाचं झालं होतं. गावच्या शाळेत लोकांनी आसरा घेतला होता, तिथे कुणीतरी मला आपली वाळलेली लुंगी आणि खांद्यावर टाकायला टॉवेल दिला. बेगमबाजारचा व्यापारी उघड्या अंगाने शाळेच्या ओसरीत उभा, आणि साडू मोबाइल काढून म्हणतात, "चला, वाटप सुरू करू. आधी खल."

म्हातारी पुढे आली. मोबाइल बघितला आणि पदर तोंडावर ओढून मागे सरली. "फोटो वद्दु, सार." फोटो नको. साडूंनी तेलुगूत विचारलं, का गं अम्मा? ती सांगायला लागली. आदल्या आठवड्यात कुणी मोठी माणसं आली होती. एक चादर चौघांनी वरून धरली आणि हिला म्हणाले, खालून हात लाव, इकडे बघ. तो फोटो फिरत फिरत लेकीच्या सासरी पोचला. आता तिथे जेवताना तिला कुणीतरी म्हणतं, तुझी आई सुखी आहे, चादरी मिळतात. "मला खल पाहिजे," म्हातारी म्हणाली, "पण माझी लेक तिथे जेवते."

साडूंनी मोबाइल पिशवीत टाकला. विचार नाही, हिशेब नाही. मी त्यांना हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि माझा आवाज, जो पत्र्यांच्या वखारीत कमी पडत नाही, तो सोडला. "मास्तर, फोटो नाही तर दुसरा हप्ता नाही! शाळा उघडणार, ही वाडीची माणसं वर जाणार, आणि वर नुसते बांबू उभे आहेत. पाऊस परत आला तर काय, तुमची छत्री धरणार त्यांच्यावर? मी हैदराबादेत पत्र्यांचा भाव रोखून धरलाय, तो पत्रेवाला किती दिवस थांबेल?"

"बरोबर आहे तुमचं," साडू म्हणाले.

"मग काढा फोटो!"

"तेवढं नाही जमणार."

या माणसाशी भांडता येत नाही. कबूल करतात आणि हलत नाहीत. फोटोशिवायच सगळं वाटून झालं. मी रागाने एका खांबाला टेकून बसलो.

त्या गावची रीत अशी, की सामान घेऊन दारात आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही, मग दार असो वा नसो. आम्ही आणलेल्याच तांदळाचा भात झाला, त्याच खलात हिरव्या मिरच्या आणि चिंच वाटली गेली आणि मला ओसरीत पत्रावळीवर बसवलं. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तोंडाला आग, डोळ्यांतून धारा, घशातून शब्द फुटेना. मी हात पुढे करून पाणी मागतो आहे आणि वाढणारी बाई 'तिनंडी, तिनंडी', खा खा, म्हणत त्या हातावर भात घालते आहे.

तेवढ्यात साडूंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मोबाइल म्हातारीच्या हातात दिला. "अम्मा, तुमचा फोटो नको. तुम्हीच काढा. तिकडच्या लोकांना तुम्हाला काय दाखवायचंय ते काढा." म्हातारीने रचलेल्या पोत्यांचा काढला, खलाचा काढला, चुलीचा काढला, आणि मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती आणि बाकीच्या बाया इतक्या हसत होत्या की मोबाइल हलत होता, तरी नेमका माझाच फोटो लखलखीत आला.

साडूंनी ते सगळे जसेच्या तसे पाठवले, खाली लिहिलं, 'गावकऱ्यांनी काढलेले फोटो.' यात खोटं काहीच नव्हतं. पण तिकडे लोकांनी पोती बघितली नाहीत, खल बघितला नाही. त्यांनी लुंगी नेसलेला, लाल डोळ्यांचा, आसवं गाळत भाताला हात पसरलेला माणूस बघितला. दुसरा हप्ता आला, ठरल्यापेक्षा जास्त आला. साडू घाबरले. लगेच सगळ्यांना लिहिलं की हे पूरग्रस्त नव्हेत, हे माझे साडू, ताडपत्रीचे व्यापारी. उत्तर आलं, 'अरेरे, म्हणजे त्यांचं दुकानही वाहून गेलं का?' मग त्यांनी सविस्तर लिहिलं, मिरच्यांसकट. लोक हसले आणि म्हणाले, राहू द्या पैसे, छपरांना लावा. वाडीवर पत्रे चढले. शेवटचा पत्रा ठोकला आणि पाऊस आला, असं तिथून फोनवर कळलं. माझी बायको तो फोटो बघून आठवडाभर हसली. "तुमचा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नव्हता, दाजींनी तो काढवून आणला," म्हणाली.

इथे संपलं असतं तर मी विसरलोही असतो. पण कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईने, खुलासा वाचल्यानंतरसुद्धा, थोडे पैसे वेगळे पाठवले. संदेश होता, 'रागीट म्हाताऱ्यासाठी. तो कुणीही असो, त्याला भूक लागलेली दिसते.' साडू एका दुपारी ते पाकिटात घालून दुकानात आले.

"तुमचे आहेत," म्हणाले.

मी उसळलो. "मास्तर, मी जन्मात कुणाचं फुकट घेतलं नाही! घाला छपरांना!"

"छपरं झाली. हे तुमच्या नावाने आलेत, मला दुसरीकडे वळवता येत नाहीत. तुम्ही घ्या, मग पाहिजे ते करा."

"आणि नाही घेतले तर?"

"मग मी उद्या परत येईन."

ते येणार हे मला माहीत होतं. गिऱ्हाईक नव्हतं, नोकर जेवायला गेला होता. पाकीट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि माझा हात गादीवरून उठेना. तुमचा विश्वास बसणार नाही, पण घेण्यासाठी हात पुढे करायला जोर लागतो. मला आमचं मांजरा नदीकाठचं गाव आठवलं. मी लहान असताना नदी घरात शिरली होती, आणि नंतर चावडीपुढे वडिलांना एक धोतरजोडी मिळाली होती. सगळा गाव बघत होता, देणारेही बघत होते. वडिलांनी ती घेतली, कपाळाला लावली, घरी आणून फळीवर ठेवली. ते धोतर त्यांनी कधी नेसलं नाही, आणि का नेसत नाही हे आम्ही कधी विचारलं नाही.

मी वर बघितलं. साडू माझ्याकडे पाठ करून दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिकाम्या हातगाडीकडे असे निरखून बघत होते, जणू तशी गाडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हातगाडी वळली, दिसेनाशी झाली, तरी ते तिकडेच बघत राहिले. मी पाकीट घेईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.