भिंतीपलीकडले पेटीमास्तर

राजापेठेत आमच्या भिंतीपलीकडं नाटक कंपनी उतरली होती. तिचे पेटीमास्तर नव्या नाटकाच्या चाली बसवून राहिले होते. तालमीत ते तोंडानं काईच सांगत नवते. भिंतीवरून मले दिसे, हनुवटी हलली का तबला थांबे, बोट वर गेलं का सारे गळे एकदम उठत. मले तं त्यायचं भेवच वाटे. माही तान्ही रडली का मातर मास्तर पलीकडून म्हनत, "काळी चार!" मले वाटे, पोरीच्या रंगाले नावं ठेवून राहिले. मी ओरडली, "काळी असन तं असन, तुमच्या घरी नाई द्याची!" सारी कंपनी हासली. मंग कळलं, तो पेटीतला सूर हाय, पोरगी त्याच सुरात रडे.

एक दिवस तालीम मधातच थांबली, अन् मास्तर आमच्या दारात. "बाई, पोरीचा सूर आज फार उतरलाय. गळ्यात काहीतरी आहे. टांगा बोलावलाय, चला."

डाक्टरनं पाह्यलं, सुई टोचली, म्हने, "घटसर्प हाय. गळ्यात पडदा धरला." 

सांजीले कंपनीचा मानूस दवाखान्यात धावत आला. "मास्तर, लोक बसलेत, पडदा उघडायचाय!"

"आधी हिचा उघडू दे."

दुसऱ्या दिवशी पोरगी दूध गिळाले लागली, तवाच मास्तर दवाखान्याच्या पायरीवरून उठले.