चौदा अंड्यांची ओटी

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकी आपल्या म्हणण्यावर ठाम आणि तितक्याच ठामपणे चुकणारी बाई साऱ्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. मी वाशिमातून लग्न होऊन जऊळक्याला आले तेव्हा त्या चाळिशीच्या पुढे होत्या. मूलबाळ नव्हतं. होत्या त्या कोंबड्या, आणि कोंबड्यांविषयीची अफाट माहिती. मांजर आडवं गेलं की त्या दिवसाचं अंडं भाकड निघतं, शिळी भाकर खाल्लेल्या कोंबडीची पिल्लं आळशी होतात, असं बरंच काही त्या मला चुलीपुढे सांगत आणि मी नवी नवरी सगळं खरं धरून मान हलवत असे. त्यात सर्वांत पक्कं शास्त्र अंड्याच्या आकाराचं. टोकदार अंड्यातून नर निघतो, गोल अंड्यातून मादी. घरात गोल अंडं कोणतं आणि टोकदार कोणतं यावर माझे यजमान आणि त्या यांचं कधी एकमत झालं नाही. मला तर सगळी अंडी अंड्यासारखीच दिसत.

त्या हिवाळ्यात त्यांनी पारखून पारखून चौदा गोल अंडी काढली आणि खुडूक बसलेल्या लाल कोंबडीखाली ठेवली. सगळ्या तलंगा, म्हणजे माद्याच, निघायच्या होत्या. बाराव्या दिवशी कोंबडी दाणे टिपायला बाहेर गेली आणि मुंगसाने तिचा गळा धरला. जाऊबाईंनी पिसं पाहिली, आत गेल्या आणि अंडी अजून ऊन आहेत म्हणाल्या. मग जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात कापूस घातला, चौदाही अंडी रचली आणि ती पिशवी आपल्या पोटाला बांधून वरून लुगडं नेसल्या. मी घाबरत घाबरत विचारलं, बाई, हे किती दिवस? त्या म्हणाल्या, कोंबडीले जमते ते मले काहून जमणार नाही?

आणि जमवलं त्यांनी. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, जोरात हसायचं नाही. शिंक आली तर आधी दोन्ही हात पोटाशी धरायच्या, मग शिंकायच्या. झोपायच्या भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. दिवसातून तीनदा खोलीत जाऊन अंड्यांची कूस बदलायच्या. उन्हाचा कवडसा यायचा तिथे एकेक धरून आतला जीव मला दाखवायच्या. मला लालसर धुकं दिसे. त्यांना डोळे, चोच आणि ती मादी असल्याचंही दिसे. थोरले दीर तेव्हा हुरड्यात आलेली ज्वारी राखायला लांबच्या शेतात माळ्यावर राहत होते. जेवण सालदार पोचवायचा. त्यामुळे त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

विहिरीवरच्या बायकांनी मात्र पोट पाहिलं, चाल पाहिली. पाहिलेलं मेडशीपर्यंत पोचलं, आणि विसाव्या दिवशी सकाळी मेडशीच्या नणंदबाई छकडा जुंपून दारात हजर झाल्या. नारळ, खण, तांदूळ, सगळं घेऊन. मला वाटलं, त्यांना अंड्यांचं कळलंय. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची माझी टाप नव्हती.

नणंदबाईंनी विचारलं, किती राह्यले आता? जाऊबाई म्हणाल्या, उद्या-परवा. नणंदबाई हबकल्या. इतकं जवळ आलं आणि माहेरच्या लेकीला साधा निरोप नाही, म्हणून त्यांना रडू फुटलं. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, की देवाने उशिरा का होईना दिलं, आता पहिला पोरगाच होऊ दे.

"पोरगे घेऊन काय करू?" जाऊबाई म्हणाल्या. "वरडतीन अन् दुसऱ्याच्या दारात भांडत फिरतीन. मले सगळ्या पोरीच पायजे. चौदाच्या चौदा."

नणंदबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी जमिनीकडे. त्यांनी हळदकुंकू काढलं तेव्हा मी इतकी गोंधळले, की या घरात अंड्यांचीही ओटी भरतात, आपल्याला माहेरी कुणी शिकवलं नाही, असंच मला वाटलं. मी निमूट पाट मांडला. जाऊबाईसुद्धा बसल्या. त्यांना काय वाटलं देव जाणे. नणंदबाईंनी तांदूळ ओटीत घातले, मायेने पोटावर हात ठेवला, आणि पोट म्हणालं, चिव.

हात मागे आला. पुन्हा चिव. मग दोन-तीन चिव एकदम. जाऊबाईंनी हळूच पदर सारून पिशवी दाखवली, तसे ओटीतले तांदूळ खाली सांडले. अंड्यांतून पिल्लं बोलू लागली होती. नणंदबाईंचं तोंड उतरलं. त्या सांडलेले तांदूळ वेचायला लागल्या तेव्हा जाऊबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या वन्सं," त्या म्हणाल्या. "भरली तर भरली."

तेवढ्यात थोरले दीर आले. शेतात कुणीतरी त्यांना विहिरीवरची बातमी सांगितली होती. पन्नाशीला टेकलेला तो माणूस शेतापासून जवळजवळ पळत आला असावा. धाप लागली होती, आणि धोतराच्या ओच्यात आंबट बोरं होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"अंडे हायेत," जाऊबाई खाली पाहत म्हणाल्या.

ते पाटाजवळ आले. मग ओचा सोडून बोरं जाऊबाईंपुढे ठेवली. "बरं," ते म्हणाले. "खाय."

त्यांनी खाल्ली. एकेक करून, सगळी.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लं निघाली, चौदातली अकरा. कोणतं काय, हे दीड महिना कुणालाच सांगता येईना. तुरे फुटले तेव्हा सात कोंबडे निघाले. जाऊबाईंचं म्हणणं पडलं की अंडी गोलच होती, पिल्लंच चुकली.

पिल्लं निघाल्यावर पिशवी त्यांनी धुऊन वाळत घातली होती. पोट सपाट झालं होतं. तरी चार-पाच दिवस त्या तशाच चालत होत्या, सावकाश, एक हात पोटाशी धरून. त्यांच्या ते ध्यानात नव्हतं की होतं, मला अजून कळलेलं नाही. सांगावं की नको, हेही कळेना. एका सकाळी त्या विहिरीवर निघाल्या तेव्हा ओट्यावर बसलेले दीर उठले आणि त्यांच्या हातातली घागर घेऊन पुढे चालू लागले. जाऊबाईंनी ती घेऊ दिली.